पंचांगाचा दिवा

ही गोष्ट कुणी खरी मानणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. बोरथळात माझी ख्यातीच तशी आहे. माझ्या खऱ्या गोष्टींवर गावानं कधी विश्वास ठेवला नाही, आणि ज्या मी बसल्या जागी रचल्या त्या लोकांनी पाहुण्यारावळ्यांत नेऊन शपथेवर सांगितल्या. त्यामुळे खरं सांगायची वेळ आली की माझीच जीभ अडखळते. तरी सांगतो.

परवाच्या पाडव्याची सकाळ. देवळात पंचांग वाचायला तालुक्याहून येणारे गुरुजी अजून वाटेत होते. वरच्या वाडीच्या द्वारकावहिनी खांबाला टेकून खलबत्त्यात कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ आणि ओवा कुटत होत्या. या वहिनी फार बोलत नाहीत. बोलल्या की ते गावाला वर्षभर पुरतं. नव्यानं बदलून आलेल्या तलाठीबाई देवाला नमस्कार करून वळल्या आणि समईशेजारच्या वस्तूकडे बघत उभ्या राहिल्या.

वस्तू म्हणजे एक टेबललॅम्प. हिरवा. वाकवू तशी वाकणारी मान, मानेला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, वायर उंदरांनी खाल्लेली. आणि टोपीवर ताजं हळदकुंकू.

"याची पूजा करता तुम्ही लोक?" बाईंनी विचारलं.

"करणारच. डोळे गेलेल्या माणसाकडून या दिव्यानं पंचांग वाचून घेतलं," मी म्हणालो.

"झालं सुरू," द्वारकावहिनी म्हणाल्या. खलबत्ता काही थांबला नाही.

बाई पायरीवर बसल्या. ऐकणारा बसला की मला उभं राहवत नाही. मीही बसलो आणि सांगायला लागलो ते असं.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. गावात तेव्हा माझं सर्जा साउंड सर्व्हिस होतं. लग्न, बारसं, उरूस, निवडणूक, कुठंही आवाज आणि उजेड लागला की लोक म्हणायचे, सर्जेरावाला बोलवा. आणि कुठंही पूजा लागली की म्हणायचे, नरहरकाकांना बोलवा. नरहरकाका उपाध्ये गावचे जोशी. म्हणजे आम्ही दोघं एकाच मांडवातली माणसं. ते देवाला हाक मारायचे, मी ती हाक चार वाड्यांना ऐकवायचो.

त्या हिवाळ्यात गावात कुरकुर सुरू झाली की काका चढेल झालेत. माणसाशी बोलताना तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. सरपंच म्हणाले, माझ्याशी बोलताना ते माझ्या मागच्या म्हशीशी बोलत होते. एका सत्यनारायणाला त्यांनी तीर्थ दिलं ते यजमानाच्या तळहाताशेजारी, सतरंजीवर. यजमानाला वाटलं आपलं काही चुकलं. त्यानं माफी मागितली.

मग एका दुपारी काका माझ्या दुकानात आले. उंबऱ्याला अडखळले, पण उंबऱ्यावरच रागावल्यासारखं दाखवलं.

"सर्ज्या, तुझ्याकडचा सगळ्यात मोठा दिवा कोणता?"

मी विचारलं, कुणाचं लग्न आहे. ते म्हणाले, लग्न नाही, वाचायचंय. आणि पिशवीतून येत्या सालचं कोरं पंचांग काढून त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं.

"तुझं दार दिसतं. दारातली शेळी दिसते. तू बाजूला बसलायस, तूही दिसतोस, नको तेवढा. पण ज्याच्याकडे बघावं तेच नसतं. नजर लावावी तिथं कुणीतरी अंगठा ठेवून बसलंय."

मी त्यांच्यासमोर हात हलवला. ते म्हणाले, "हलवू नकोस. हात दिसतो. बोटं मोजायला सांगू नकोस म्हणजे झालं."

कधीपासून, असं मी विचारलं. गेल्या पाडव्यानंतर, म्हणाले. मला पटेना. वर्षभर तर हा माणूस पूजा सांगत होता, लग्नं लावत होता, कुठं अडला नव्हता. मग त्यांनी समजावलं. लग्न पाठ, वास्तू पाठ, श्राद्ध पाठ. पोथी समोर असते ती यजमानाच्या समाधानासाठी. पण पंचांग दर साली नवं. संवत्सराचा राजा नवा, मंत्री नवा, पावसाची वाहनं नवी. ते पाठ असू शकत नाही. वर्षाचा एकच दिवस असा की त्या दिवशी गावच्या जोशाला खरोखर वाचता यावं लागतं.

"वडिलांचा दंडक होता," काका म्हणाले. "ज्या साली वाचता येणार नाही, त्या साली पाटावर बसायचं नाही. पाठ म्हणून दाखवणारा तो पोपट."

काकू जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. घरात दुसरे डोळे नव्हते. मी म्हणालो, काका, मी वाचून दाखवतो, तुम्ही ध्यानात ठेवा, मग पाडव्याला म्हणा. त्यावर ते इतके हसले की शेळी दारातून निघून गेली.

"तुझ्या तोंडून आलेलं पंचांग? त्यात एकादशीला चंद्रग्रहण निघेल. दिवा दे. बाकीचं मी बघतो."

बघतो म्हणाले. तो शब्द ते सारखा वापरायचे, आणि मला दर वेळी खाली मान घालावीशी वाटायची.

तर दिवा. मी आधी त्यांच्या ओसरीवर शंभराचा पिवळा बल्ब टांगला. कागद उजळला, अक्षरं होती तिथंच राहिली. मग ट्यूब लावली. काका म्हणाले, आता सगळ्या पानावर दूध सांडलंय. मग मी मांडवाचा हॅलोजन आणला. हजार वॉटचा. तो लावला तेव्हा उन्हं उतरली होती, पण परटाच्या अंगणातला कोंबडा सकाळ झाली समजून आरवला, त्याचं ऐकून पाटलाचा आरवला, आणि गावातल्या तीन बायकांनी परत सडा घातला.

"गेल्या खेपेला तर तिथं विमान उतरलं होतं," द्वारकावहिनी म्हणाल्या.

विमान उतरलं नव्हतं, नुसतं दोन घिरट्या घालून गेलं. पण बाईंना घाई असेल म्हणून मी ते गाळलं होतं. असो. पंचांगाची कड तपकिरी झाली आणि काकांच्या शेंडीचा वास यायला लागला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर्ज्या, मला वाचायचंय. भाजायचं नाही."

मी दिवा बंद केला. एवढा उजेड गेल्यावर मलाच काही दिसेना. अंधारात दोघं बसून राहिलो. काका म्हणाले, आता आपण सारखे झालो.

मग मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गावात सांगितलं की काका माझ्याबरोबर नवीन माइक पसंत करायला येतायत. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी बराच वेळ डोळ्यांत बघितलं, औषध घालून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढून दिला असता. हा आतला पडदा झिजलाय. मधला भाग. कडेचं राहील, मधलं परत यायचं नाही.

"चष्मा?" मी विचारलं.

"चष्म्यानं व्हायचं नाही."

"ऑपरेशन?"

"नाही."

मी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. त्यातली एक माझ्या मावशीनं सांगितलेली होती, शेवग्याच्या पाल्याची. डॉक्टर प्रत्येकाला नाही म्हणाले, पण एकदाही कंटाळले नाहीत. मग काकांकडे वळून म्हणाले, एक चांगला दिवा घ्या. उजेड जवळून आणि बाजूनं पडू द्या, डोळ्यांवर येऊ देऊ नका. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडा आणि ती ओळीवर ठेवून वाचा. थोडं जमेल. पण दिव्याकडून फार मागू नका.

काकांनी हात जोडले. डॉक्टर होते त्याच्या जरा उजवीकडे. डॉक्टर गुपचूप उजवीकडे सरकले, हे मी बघितलं.

तिथून आम्ही सांगलीला दिव्यांच्या दुकानात गेलो. दुकानात एक लांब फळी, फळीवर ओळीनं दिवे. विक्रेता पोरगेलासा, टापटीप. त्यानं विचारलं, "स्टडीला पाहिजे का? मुलगा कितवीला आहे?"

"मुलगा पंच्याहत्तरीला आलाय," काका म्हणाले, आणि पिशवीतून पंचांग काढून फळीवर उघडलं.

प्रत्येक दिव्याखाली काका पान धरायचे, मान कलती करायचे, वाकायचे, मागे व्हायचे. मी तोंडाकडे बघायचो. त्यांच्या तोंडावरूनच कळायचं, जमत नाही. बदकांचं चित्र असलेला गुलाबी दिवा, नाही. घड्याळ असलेला, नाही. पांढऱ्या लख्ख उजेडाचा एक होता, त्याखाली त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, अक्षरं भिजवून ठेवलेल्या हरभऱ्यासारखी फुगली, पण टरफलंच दिसतायत. विक्रेत्याला मदत करायची होती. त्यानं फळीवरचे सगळे दिवे एकदम लावले.

एवढ्या उजेडात शेंडीवाला म्हातारा पंचांग घेऊन उभा म्हटल्यावर माणसं जमणारच. एका बाईनं पदर सावरून विचारलं, "गुरुजी, वैशाखात शेवटचा मुहूर्त कोणता हो? लेकीचं जमलंय."

काकांनी पान उलटलं. सवयीनं बरोबर वैशाखाचंच पान निघालं. ते वाकले. सगळे थांबले. बाईनं हात जोडून ठेवले होते. काकांच्या कपाळावर घाम आला, तो नाकावरून उतरून पानावर पडला, तरी ते वाकलेलेच. मी म्हणालो, गुरुजींचं आज मौन आहे.

"आत्ता तर बोलले," बाई म्हणाल्या.

"ते दिव्यांशी बोलले. माणसांशी मौन आहे."

बाई निघून गेल्या. मी उगाच कोपऱ्यातला एक हिरवा दिवा उचलून आणला, काहीतरी करायचं म्हणून. त्याची मान वाकायची, टोपी खोल होती, बल्ब डोळ्यांना दिसायचा नाही. मी तो डाव्या बाजूनं पानाशी टेकवला. काकांनी दोन बोटं ओळीच्या वर आणि दोन खाली ठेवली, फट करून.

"मृ," ते म्हणाले.

मला वाटलं खोकला आला.

बराच वेळ गेला. विक्रेत्यानं बाकीचे दिवे एकेक करून बंद केले. तेवढ्या वेळात आमच्या गावची एस.टी. वळण घेऊन थांब्याला लागते.

"ग," काका म्हणाले. मग हळूच, "मृग."

"दिसलं?"

"एकेक दिसतं रे. एकेक येतं आणि जातं."

तोच दिवा घेतला. मी दुकानातून असा निघालो जसा काही घोड्यावर बसलोय. परतीच्या गाडीत खोकं मांडीवर होतं. तासगाव मागे पडलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं की पंचांगात मृग हा एकच शब्द नसतो. पान भरून असतं. पाडव्याला सगळं गाव समोर बसलेलं असतं. मी आयुष्यात कुणाला काहीही पटवलंय, पोलिसांना पटवलंय, सासऱ्याला पटवलंय. त्या गाडीत मला एक वाक्य सुचेना.

काकांनाही ते कळलं असावं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर्ज्या, काहीतरी थाप मार."

"कसली थाप?"

"कसलीही. वाट संपेपर्यंत पुरेल अशी."

मी खोक्याची सुतळी सोडली, पुन्हा बांधली.

"सुचत नाही काका."

ते म्हणाले, बरं.

पुठ्ठ्याची पट्टी मी एका जुन्या तबकडीच्या काळ्या वेष्टणाची कापून दिली. दिव्याची मान महिन्याभरात सैल पडली, तिला ट्यूब गुंडाळली. दुपारी दुकान बंद करून मी काकांच्या ओसरीवर जायचो. ते पट्टी सरकवत बसलेले असायचे. अक्षर सापडायचं, त्याला ते धरून ठेवायचे, पुढच्याकडे जायचे, तोवर मागचं निसटलेलं. पहिलीतलं पोर तरी बरं. त्याला मागचं वळून बघता येतं.

"माळ ओवतोय म्हण," काका म्हणाले एकदा. "गाठ मारायला जावं तर पहिला मणी घरंगळलेला."

मी म्हणालो, घसा बसलाय म्हणून सांगू गावाला. मी सांगतो, माझ्यावर सोडा.

"घसा बसला तर पुढच्या साली सुटेल. हे सुटणारं नाही. पुढच्या साली काय सांगशील?"

मी दिव्याच्या मानेची ट्यूब सोडून पुन्हा गुंडाळली.

पाडवा जवळ आला तशी मला त्या ओसरीकडे जायची भीती वाटायला लागली. काका सुकले होते. डोळे लाल. शेवटच्या दुपारी गेलो तर दिवा बंद, पंचांग मिटलेलं, आणि काका भिंतीला टेकून बसलेले. मला वाटलं, सोडलं त्यांनी.

"सर्ज्या, आज एक शब्द वाचला. आख्खा. पहिल्या मण्यापासून गाठीपर्यंत. एरवी दिसणारे शब्द मी अर्धे ओळखतो, अंदाजानं. हा अंदाजानं आलेला नाही."

"कोणता?"

"पाडव्याला कळेल."

"एका शब्दानं पाडवा कसा व्हायचा काका?"

"ते मलाही माहीत आहे," ते म्हणाले.

इथं मी थांबलो. तलाठीबाई दिव्याकडे बघत होत्या. रस्त्यावर गाडीचा आवाज आला, पण ते गुरुजी नव्हते, दूधवाला होता. बाई म्हणाल्या, मग पाडव्याला काय झालं? मी मांडी बदलली. आत्तापर्यंत सांगणं सोपं होतं.

पाडव्याला मी पहाटेच देवळात जाऊन सगळं मांडलं. माइक काकांच्या पाटापुढे. भोंगा चिंचेवर, त्याचं तोंड ओढ्यापलीकडे वरच्या वाडीकडे. भोंगा माइककडे वळवला तर शिट्टी मारतो, म्हणून तो कायम तिकडेच. वाडीची माणसं तेव्हा पाडव्याला खाली यायची नाहीत, आपापल्या दारात गुढी उभारता उभारता भोंग्यावरच पंचांग ऐकायची. देवळात बसलेल्यांना काकांचा मूळ आवाज पुरायचा. तो होताच तसा.

हिरवा दिवा मी काकांच्या डाव्या हाताला ठेवला. लोक म्हणाले, दिवसाढवळ्या दिवा कशाला. मी सांगितलं, नवीन पद्धत आहे, ग्रहांना उजेड लागतो. दिव्याची मान ट्यूब गुंडाळूनही ठरत नव्हती, म्हणून ती धरायला मी काकांच्या शेजारी बसलो. अगदी खेटून. त्याला इलाज नव्हता.

काकांनी मंगलाचरण म्हटलं, संकल्प म्हटला. ते पाठ. देऊळ दणाणलं. मग त्यांनी पंचांग उघडलं, काळी पट्टी ठेवली, आणि थांबले.

बाई, तसं थांबणं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. समोर गाव बसलेलं. बायकांच्या हातात गुढीचे हार. काकांचं बोट पट्टीवरून सरकत होतं, परत येत होतं, सरकत होतं. त्यांच्या खांद्यावरून मला ती सगळी ओळ स्वच्छ दिसत होती. मुंग्यांसारखी बारीक अक्षरं, पण एकूण एक जागच्या जागी. मला दिसून काय उपयोग होता. हातात दिव्याची मान, ती मी वर केली, खाली केली, जवळ आणली. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. काकांच्या ओठांवर नुसता वारा होता.

आणि तेव्हा दिव्यानं काम केलं.

कसं ते मला विचारू नका. उजेड असा काही तिरपा पडला की अक्षरं जागची उठून उभी राहिली. काकांनी मान जराशी माझ्याकडे कलती केली. कडेचंच दिसायचं ना त्यांना, म्हणून. आणि सुरू झाले. संवत्सराचा राजा कोण, मंत्री कोण, पावसाचा मुक्काम माळ्याच्या घरी, धान्य किती, वारा किती. दर वाक्याआधी एक बारीकसा श्वास, मग खणखणीत आवाज. गाव माना डोलवत होतं. मी नुसता दिवा धरून बसलो होतो.

मग आली पावसाची नक्षत्रं. गाव पुढे सरकलं. बाई, तुम्हाला माहीत असेल, प्रत्येक नक्षत्राचं एक वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं तर पाऊस भरपूर. उंदीर, गाढव असलं तर आभाळाकडे बघत बसा. आणि सगळ्यांचा जीव असतो मृगाच्या वाहनात, कारण पेरणी त्याच्यावर.

"मृग," काका म्हणाले, आणि पुन्हा थांबले. या खेपेला जरा जास्तच.

मग म्हणाले, "वाहन गाढव."

देवळातून एक हं निघून गेला. पण काकांच्या तोंडावर असं काही आलं होतं की जसं काही त्यांनी गावाला हत्तीच दिला. पुढचं सगळं त्यांनी त्याच आवाजात संपवलं. पंचांग मिटलं आणि माइकवरच सांगितलं की पुढच्या सालापासून तालुक्याच्या गुरुजींना बोलवा, माझं वाचून झालं.

"आता तुम्हीच सांगा," मी तलाठीबाईंना म्हणालो. "न दिसणारा माणूस काय म्हणाला असता? हत्ती म्हणाला असता. गाव खूश, आपण मोकळे. गाढव म्हणायला अक्षर दिसावं लागतं. हाच पुरावा. काका गेल्यावर हा दिवा मी भंगारात टाकणार होतो. वरच्या वाडीच्या बायका आल्या आणि हट्टानं घेऊन देवाशेजारी ठेवून गेल्या. त्यांनीच पहिलं कुंकू लावलं. वाडीला चमत्काराचं मोल कळतं. देवळात समोर बसलेल्यांना कळलं नाही, पण त्यांना ओढ्यापलीकडून कळलं."

खलबत्त्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तात्या," द्वारकावहिनी म्हणाल्या, "भोंग्याचं तोंड कुणीकडं होतं?"

"तुमच्या वाडीकडे. सांगितलं की."

"आणि माइक कुणापुढं?"

"काकांपुढे."

"आणि तुमचं तोंड?"

मी दिव्याकडे बघितलं. दिवा त्याच्या जागी होता.

वहिनी तलाठीबाईंशी बोलायला लागल्या. माझ्याशी नाही. "मी त्या साली नवी नवरी. दारात गुढीला साडी नेसवत होते. भोंग्यातनं आधी कुजबुज यायची, मागनं काका बोलायचे. राजा कोण, ते आधी हे तात्या. मंत्री कोण, ते आधी हे. सगळी वाडी हातातलं टाकून उभी राहिली. एक जाऊ हसली, तर सासूबाईंनी तिला गुढीचीच काठी दाखवली. म्हणाल्या, खाली जाऊन हे जो बोलेल त्याच्या दारात पुन्हा गुढी उभी राहायची नाही. कुणी बोललं नाही. दिवा आणायला पुढं झाल्या त्याही सासूबाईच."

तलाठीबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मृगाला हे तात्या म्हणाले हत्ती," वहिनी म्हणाल्या. "काका गप्प. हे परत म्हणाले हत्ती. जरा जोरातच. मग काका म्हणाले गाढव."

त्या उठल्या, गुळात कालवलेला कडुलिंबाचा एक घास माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली.

"बाकी सगळं तुमचं, तात्या. तेवढा एक शब्द त्यांनी वाचला."